शिंपल्यातली झोप

बारक्याला लहानपणी बारक्या म्हणायचे, कारण तो होताच काडीसारखा. आता तो दारातून आडवा होऊन आत शिरायचा, तरी नाव काही सुटलं नव्हतं. वर्षातून एकदा बायकोला घेऊन यायचा, चार दिवस राहायचा, घरभर हसू सांडून निघून जायचा. ते सांडलेलं पुसत बसायला मागे ताई असायचीच.

ताई त्याची थोरली बहीण. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची, सकाळी नऊ ते दोन. उरलेला सगळा वेळ अण्णांचा. अण्णा म्हणजे त्यांचे वडील, वय एकोणऐंशी. उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपावर फिटर म्हणून गेला. आठ वर्षांपूर्वी आई गेली आणि पाठोपाठ अण्णांना झटका आला, तेव्हापासून ताई त्यांचं सगळं करत होती. नखं काढायची म्हटलं की अण्णा ओरडायचे. जेवताना ताट पुढे सरकवून म्हणायचे, "यात काय घातलंयस?"

या खेपेला बारक्या आला तो बेत ठरवूनच. "तीन दिवस समुद्रावर जायचं. सगळ्यांनी. खोल्या घेऊन ठेवल्यात."

"अण्णांना झेपेल का?" ताई म्हणाली.

"झेपेल की! काय अण्णा?"

आणि आठवडाभर अंगणात पाऊल न टाकलेले अण्णा म्हणाले, "चला. माझी टोपी कुठाय?"

ताईनं टोपी शोधून दिली, पण हेव्याचा पहिला चटका तिला तिथेच बसला.

ते रिसॉर्ट म्हणजे एक अजबच प्रकार होता. ज्यानं बांधलं त्याच्या डोक्यात आलं असावं, की लोकांना समुद्राच्या तळाशी नेऊन ठेवायचं. समोर खराखुरा समुद्र फुकटात पसरलेला, आणि आत कोट्यवधी ओतून खोटा उभा केलेला. आत शिरायचं ते देवमाशाच्या जबड्यातून. दारवान खेकडा, नांग्यांनी बॅगा धरता येईनात म्हणून कोपरांनी ढकलणारा. काउंटरवरच्या मुलीला जलपरीची शेपूट, त्यामुळे बिचारी पाण्याचा ग्लास आणायचा तर टुणटुण उड्या मारत जायची. सकाळी नाश्ता वाढायला अष्टपाद यायचा. त्याचे सहा हात कापसाचे, ते दर वेळी कुणाच्या ना कुणाच्या बशीत बुडायचे.

खोलीत पलंग म्हणजे भला मोठा शिंपला. वरचं झाकण अर्धवट उघडं आणि छतावर निळा उजेड असा हलता, की खालून वर पाहिलं तर डोक्यावर पाणीच वाहतंय.

ताईला वाटलं होतं, अण्णा आता कुरकुर करतील आणि संध्याकाळच्या आत परत चला म्हणतील. खरं सांगायचं तर तिला तशी आशाच होती. पण अण्णा जबड्यातून आत येतानाच खदखदून हसले. अंगणातल्या देवमाशाच्या डोक्यावरून दर तासाला कारंजं उडायचं, त्याखाली उभे राहून त्यांनी कान लावला आणि तिथल्या मेकॅनिकला बोलावून घेतलं. "झडप ठोके देतेय तुझी. वॉशर गेलाय." मेकॅनिकनं उघडून पाहिलं तर खरंच वॉशर गेलेला. मग काय, तासाभरात अण्णा तिथले इंजिनिअर साहेब झाले. खेकड्यानं त्यांना सलाम ठोकला.

दुपारी जेवताना ते वाढलेलं सगळं मुकाट्यानं जेवले. बारक्या घास पुढे करायचा आणि अण्णा लहान मुलासारखं तोंड उघडायचे. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं होतं, त्यांना अण्णांनी ओळख करून दिली. "हा माझा मुलगा. यानंच आणलं आम्हाला. ही सूनबाई." मग ताईकडे बोट करून म्हणाले, "आणि ही मुलगी. घरीच असते."

घरीच असते! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी यांचं अंग पुसून, डबा झाकून, धावतपळत दुकान गाठणारी ती. दिवसाला चाळीस काचा बसवणारी ती. आणि ती घरीच असते? बारक्याचं म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या. आठ वर्षं दळण तिनं दळायचं, आणि रेघोट्या किती सुंदर म्हणून वाहवा याची.

भावजयीच्या ते लक्षात आलं असावं. ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही जरा पडा. चेहरा उतरलाय."

"मी ठीक आहे," ताई म्हणाली, इतकी कोरडी की भावजय आपल्या ताटाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बारक्या म्हणाला, "ताई, तू आराम कर. दुपारी मी बसतो अण्णांजवळ. काही सांगायचंय का त्यांच्याबद्दल?"

आता सांगायचं तर पुष्कळ होतं. अण्णा बरेचदा दुपारी झोपून उठले की पाव तास त्यांना आपण कुठे आहोत तेच कळायचं नाही. कधी घाबरून ओरडायचे, कधी हात उगारायचे. ताईनं त्यावर एक तोडगा काढला होता. उठता क्षणी त्यांचं जुनं मनगटी घड्याळ हातात द्यायचं आणि वेळ सांगायची. घड्याळाच्या काट्यांना धरून अण्णा हळूहळू परत यायचे. ते घड्याळ त्या क्षणीही तिच्या पर्समध्ये होतं.

"सांगायचं काय?" ताई म्हणाली. "झोपतात नि उठतात."

म्हटलं आणि शेजारच्या खोलीच्या ओसरीत, कासवाच्या आकाराच्या खुर्चीत जाऊन बसली. मनाशी म्हणाली, कळू दे याला पण. येईल धावत, ताई-ताई करत.

साडेतीनच्या सुमारास आवाज आला. "पाणी! पाणी भरलंय! मुख्य झडप बंद करा रे कुणीतरी!"

छतावरचा तो हलता निळा उजेड. अण्णांना वाटलं असणार, पंपघर बुडालं. ताईनं खुर्चीचे हात घट्ट धरले. एक मिनिट गेलं. दोन गेली. ती कान देऊन बसली होती, पण "ताई" अशी हाक काही येईना. तिसऱ्या मिनिटाला तिलाच राहवेना. घड्याळ आणि सोबत आणलेला कोरडा पायजमा घेऊन ती उठली.

दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं ते असं. बारक्या शिंपल्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला होता. झाकणाला एक पितळी मूठ होती, ती दोन्ही हातांनी धरून तो पिळत होता आणि खरोखर घामाघूम झाला होता.

"डावीकडे!" अण्णा ओरडत होते. "डावीकडे फिरव, गाढवा!"

"फिरवतोय, साहेब. गंजलीय."

"जोर लाव!"

"बसली! बसली, साहेब. पाणी थांबलं बघा."

अण्णांनी वर पाहिलं, मग भिंतींकडे, मग बारक्याकडे. त्यांचा श्वास खाली आला. हातानं पायजमा चाचपून पाहिला. मग एकदम बारीक आवाजात म्हणाले, "बारक्या... ओलं झालंय रे."

"होऊ दे. धुऊन टाकू."

"ताईला सांगू नकोस. ती बोलते."

"नाही सांगत."

ताई दाराबाहेर उभीच राहिली. आठ वर्षं घासूनपुसून ती जे शिकली होती, ते यानं तीन मिनिटांत, तेही स्वतःच्या पद्धतीनं साधलं होतं, आणि अण्णांना तिच्यापासून लपायला त्याची पाठ मिळाली होती. इतका हेवा तिला कधी कुणाचा वाटला नव्हता. आणि हेव्याच्या मागोमाग हातातल्या घड्याळाची लाज आली. तिनं पायजमा दाराच्या मुठीला अडकवला आणि वाळूवर चालू लागली. दगडांपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

संध्याकाळी बारक्या ओल्या चादरी वाळत घालताना सापडला. तिनं घड्याळ त्याच्या हातावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं.

बारक्याचं हसू गेलं. "म्हणजे तू शेजारीच बसली होतीस?"

"हो."

"ऐकत होतीस?"

"हो."

"मला वाटलं अण्णांना पुन्हा झटका आला, ताई. आणि तू..." तो पुन्हा चादरींकडे वळला. रात्रीच्या जेवणाला तो तिच्याकडे बघेना, आणि तिनंही मनधरणी केली नाही.

सकाळी मात्र तो स्वतःच येऊन तिच्या शेजारी पायरीवर बसला. "हे रोज होतं?"

"आठवड्यातून तीनदा तरी."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू चार दिवस येतोस. चार दिवसांत काय रडगाणं गायचं?" मग तिनं एकदाचं ओठांवर आणलं. "मला तुझा हेवा वाटतो, बारक्या. तुझ्या वाट्याला हसरे अण्णा येतात आणि माझ्या वाट्याला चिडके. त्यांना माझी भीती वाटते, ऐकलं मी काल."

बारक्या पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिला. "मग मला दे की थोडे चिडके," तो म्हणाला. "दोन महिने घेऊन जातो."

"बोलणं सोपं आहे. तिसरा मजला तुझा. दोघं कामाला जाता."

"ते मी बघतो," बारक्या म्हणाला. मागून भावजय म्हणाली, "आम्ही बघतो. काल रात्रीच बोललोय आम्ही."

"मला विचारा की कुणीतरी!" अण्णा खिडकीतून ओरडले. मग जरा विचार करून म्हणाले, "जातो. पण देवमाशाचा दुसरा वॉशर बदलल्याशिवाय इथून हलणार नाही."

तसे ते हललेही नाहीत.

घरी परतल्यावर ताईनं औषधांपासून नखांपर्यंत सगळं चार पानं भरून लिहून दिलं. बारक्याची गाडी निघाली तेव्हा अण्णा पुढच्या सीटवर ऐटीत बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि ताईला पुन्हा तोच जुना चटका बसला. जित्याची खोड, एका सुट्टीनं थोडीच जाते! पुढचे दोन दिवस ती दुपारी दोन वाजले की दुकानातून धावत निघायची, आणि अर्ध्या रस्त्यात आठवायचं की घरी कुणी नाही.

नवव्या दिवशी बारक्याचा फोन आला. आवाज दमलेला. "ताई, आज अण्णांनी ताट सरकवलं. सकाळी हात उगारला. घड्याळ दिलं तर फेकून दिलं."

"मग?"

"मग काय, म्हणाले, तुला भाजी करता येत नाही. ताईच्या हातची भाजी कशी मऊसूत असते."

ताई स्टुलावर बसली. "काय म्हणाले?"

"अगं, भाजी..."

"पूर्ण सांग. शब्दन् शब्द."

बारक्यानं सांगितलं. तिनं आणखी एकदा सांगायला लावलं. मग तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि भाजी किती वेळ शिजवायची, झाकण कधी ठेवायचं, मीठ कधी घालायचं, ताट त्यांच्या कुठल्या हाताला ठेवायचं, ते एकही गोष्ट हातची न राखता अर्धा तास सांगत राहिली.