आठ दिवसांचा आरडाओरडा

अंगावर राखाडी झगा ओढून, चेहऱ्यावर जाळी सोडून, हातात क्रौंचाच्या चोचीसारखा शिवलेला मोजा चढवून ती पिंजऱ्यात शिरली आणि पहिल्याच मिनिटाला तिनं नियम मोडला.

"आज माझी भाजी करपली," ती पिल्लाला म्हणाली.

नियम साधा होता. पिल्लाला माणूस दिसता कामा नये, ऐकू येता कामा नये. त्या जातीचे जेमतेम साठ पक्षी उरलेले. माणसालाच आई समजणारं पिल्लू पाणथळीवर सोडलं, तर पहिला शिकारी दिसताच त्याच्या पायाशी जाऊन उभं राहणार. पण दिवसभर झग्यात मुकं राहून घरी गेल्यावर तिनं बोलायचं कुणाशी? फ्रीजशी? पिल्लानं मात्र मान तिरकी करून भाजीची अख्खी हकिगत ऐकून घेतली.

मग ते रोजचंच झालं.

तळ्यापलीकडच्या संस्थेची माणसं पिल्लू पाणथळीवर सोडायला न्यायला येणार असं कळलं. शेवटी तिनं केंद्रातल्या डॉक्टरबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या चिडल्या नाहीत, नुसता चष्मा पुसत बसल्या. तेच जास्त लागलं.

"माणसाकडे धावणारं पिल्लू ते घेणार नाहीत. जन्मभर इथंच जाळीत राहील."

"मग?"

"आठ दिवस आहेत. तुझ्या आवाजाला सोकावलंय ना? मग तूच जा, घाबरव त्याला. झगा न घालता."

पहिल्या दिवशी ती नुसतं "काय रे?" म्हणाली आणि ते तुरुतुरु धावत आलं. तिनं पत्र्याचा डबा बडवला, घशाच्या शिरा ताणून ओरडली. पिल्लू चार पावलं मागं सरलं आणि परत आलं. त्याला बहुधा गंमत वाटली असावी. तिनं पुन्हा डबा बडवला. बाहेर आल्यावर ती बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहिली.

चौथ्या दिवशी ते कोपऱ्यात जाऊन बसलं.

आठव्या दिवशी संस्थेची दोन माणसं वही घेऊन जाळीबाहेर उभी होती. तिनं कडी काढली मात्र, पिल्लू पंख फडफडवत थेट पलीकडच्या टोकाला पोचलं. तिला तोंडही उघडावं लागलं नाही.

"उत्तम," वहीवाला म्हणाला. "उद्या घेऊन जातो."

डॉक्टरबाई तिच्याकडे बघून हसल्या. ती डब्याचं झाकण उगाचच घट्ट करत होती.

"उद्या किती वाजता नेणार?"

"आठला. का गं?"

"काही नाही. म्हटलं, साडेसातला अजून एकदा घाबरवून बघते. खात्रीसाठी."