न दुखणारा उपचार

सर्जेरावांचा उजवा कोपर दुखायला लागला, तेव्हा बिबवेवाडीच्या ज्येष्ठ नागरिक संघात कुणी विशेष दखल घेतली नाही. ज्याचं काहीच दुखत नाही अशा माणसाला त्या संघात वर्गणी भरूनही कुणी सभासद मानत नसे. पण हा कोपर साधा नव्हता. हा कॅरमचा कोपर होता. रोज संध्याकाळी पाच ते आठ, नासिरभाईंचा जोडीदार म्हणून त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून स्ट्रायकर मारणारा. तोही गेली बावीस वर्षं.

नासिरभाईंनी घड्याळं दुरुस्त करण्यात उमेदीची चाळीस वर्षं घालवली होती. डोळ्याला सतत भिंग लावल्यामुळे दुकान सोडल्यावरही ते जगाकडे एक डोळा बारीक करूनच बघत. सर्जेरावांच्या कोपराकडे त्यांनी तसंच बघितलं.

"दुखतोय?"

"थोडासा."

"काल राणी अर्ध्या वाटेत थांबली. थोडंसं दुखून राणी थांबत नाही." मग बोर्डावरची पावडर झटकत ते म्हणाले, "अठ्ठावीस तारखेला सगळ्या संघांच्या स्पर्धा आहेत. तोवर हात बरा झाला तर उत्तम. नाहीतर श्यामसुंदरना विचारावं लागेल."

श्यामसुंदर विमा कचेरीतून निवृत्त झालेले. सोंगटी पॉकेटात गेली की समोरच्या जोडीला 'सॉरी' म्हणत. असल्या माणसाने कॅरमच्या नादी न लागता पोस्टाची तिकिटं जमवावीत, असं सर्जेरावांचं स्पष्ट मत होतं. आणि हा माणूस आपल्या खुर्चीत बसणार! गावाकडची म्हणजे इथलीच, सध्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगखाली असलेली जमीन विकली, तेव्हासुद्धा सर्जेराव इतके हलले नव्हते. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट तरी आले होते. खुर्चीच्या बदल्यात काहीच येणार नव्हतं.

सूनबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्यांना हेमा डॉक्टरांकडे नेलं. हेमा फिजिओथेरपिस्ट होती, वयाने तिशीची, बोलायला सरळ. तिने कोपर दाबून बघितला.

"स्नायू हाडाला जिथे चिकटतो ना काका, तिथे सूज आहे. आपण लेझर देऊ. त्या उजेडाने वेदना कमी होतात, आतली झीज भरून यायला मदत होते. जादू नाही हं. आठ-दहा सिटिंग्ज लागतील. आणि कोपराला पूर्ण आराम. कॅरम बंद."

"स्पर्धा हाय अठ्ठावीसला."

"नीट ऐकलंत तर बघू."

तिने त्यांना काळा चष्मा लावला, स्वतःही लावला. मशीनला जोडलेली पेनासारखी एक दांडी कोपरावर ठेवली. सर्जेरावांनी दात आवळले, डोळे मिटले आणि कुलदैवताचं नाव घेतलं. बराच वेळ काही झालं नाही.

"चालू कधी करणार?"

"झालं की काका."

"काय झालं? मला तर कायच लागलं न्हाय!"

"लागणारच नाही. हे साधं गरमसुद्धा वाटत नाही," हेमा म्हणाली. तिला वाटलं, आपण पेशंटला धीर दिला.

इथेच घोटाळा झाला. दात काढताना, काटा काढताना, जमिनीची मोजणी करून घेताना, सर्जेरावांच्या आयुष्यात जे जे काम धड झालं, ते ते दुखूनच झालं होतं. जे लागत नाही ते लागू कसं पडणार? त्यांनी बाहेर येऊन कोपर उन्हात धरून बघितला. उन्हाचा निदान चटका तरी बसत होता.

तिथून ते थेट तालमीमागे दत्तोबाकडे गेले. दत्तोबा एकेकाळचा पैलवान. आता कुस्तीला कुणी मिळत नसल्यामुळे तो लोकांचे सांधे चोळत असे. लेझरची हकिकत ऐकून तो पोट धरून हसला.

"बत्ती लावून दुखणं जातंय व्हय रं सर्जा? मग रस्त्यावरच्या खांबाखाली जाऊन निज की. फुकटात हुईल."

मग त्याने तेल गरम केलं, सर्जेरावांचा हात मांडीखाली दाबून धरला आणि कोपरात अंगठा असा रोवला की सर्जेरावांच्या आरोळीने शेजारच्या झाडावरचे कावळे उठले.

"आता कसं?" दत्तोबाने विचारलं.

"आता कायतरी उपचार झाल्यासारखं वाटतंय," सर्जेराव डोळे पुसत समाधानाने म्हणाले.

त्या दिवसापासून दोन्ही सुरू झालं. सकाळी लेझर, ते सूनबाईंच्या समाधानासाठी. संध्याकाळी दत्तोबा, तो कोपरासाठी. कॅरम बंद असल्यामुळे पाचनंतरची वेळ मोकळीच होती; परतताना ते नुसता खेळ बघायला संघात डोकावत, एवढंच. सकाळी हेमा जे निगुतीने लिंपायची, ते संध्याकाळी दत्तोबा उकरून काढायचा. सहाव्या सिटिंगला कोपर वांग्यासारखा दिसायला लागला.

हेमाचा चेहरा उतरला. "काका, घरी काही जड उचलता का?"

"छे!"

"कपडे पिळता? बागेत खणता?"

"मी कायसुद्धा करत न्हाय, डॉक्टरीणबाई," सर्जेराव म्हणाले. ते अक्षरशः खरं होतं. करायचा तो दत्तोबा.

सातव्या दिवशी ते दवाखान्याचा जिना चढत होते, तर वरून तुळजाबाई एकेक पायरी धरून उतरत होत्या. अप्पर बसस्टॉपजवळ त्यांची भाजीची गाडी. दिवसभर उभं राहून टाच धरली होती.

"नका चढू वर," त्या म्हणाल्या. "मशीन बंद ठिवलंय. कुणा म्हाताऱ्याला म्हणं उलटं लागू पडलं. बाई म्हणती, तपासल्याबिगर आता कुणालाच लावायची न्हाय. माझी टाच निम्मी उतरली हुती बगा चार दिसांत. आता परत ह्येच." आणि त्या माणसाच्या नावाने त्यांनी जे काही म्हटलं, ते सर्जेरावांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

सर्जेराव जिन्यात उभे राहिले. तारीख होती एकोणीस. खाली गेलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. मशीन तपासणारा येईल, सगळं ठीक आहे म्हणून सांगेल, तोवर आपण कोपर लपवून खेळून घेऊ. वर गेलं आणि खरं सांगितलं, तर डॉक्टरीणबाई हात बांधून ठेवणार आणि त्या खुर्चीत श्यामसुंदर बसणार. खाली तुळजाबाईंनी कठड्याला धरून एक पाय उचलला आणि श्वास घेतला. सर्जेरावांनी मनातल्या मनात एक शिवी हासडली, कुणाला ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं, आणि ते वर गेले.

हेमा मशीनच्या कंपनीशी फोनवर बोलत होती. समोर वहीत सर्जेरावांच्या सहा दिवसांच्या नोंदी होत्या. ती त्या पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होती.

"डॉक्टरीणबाई, ठिवा तो फोन. मशीनला काय झालेलं न्हाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"मशीनला दत्तोबा भेटला न्हाय. मला भेटला."

हेमाने सगळं ऐकून घेतलं. मग तिने एकच विचारलं, "रोज?"

"रविवारी सुट्टी असती."

"दत्तोबांची?"

"न्हाय. लेझरची."

हेमाने कपाळाला हात लावला. तिला हसू येत होतं की रडू, हे सर्जेरावांना कळेना. "पंधरा दिवस हा हात गळ्यात," ती शेवटी म्हणाली. "तेल बंद, चोळणं बंद. सूज उतरली की मग आपण नव्याने बघू."

"आणि अठ्ठावीसला?"

"अठ्ठावीसला टाळ्यासुद्धा वाजवायच्या नाहीत."

एवढं सांगून ती गॅलरीत धावली आणि रस्त्याकडे वाकून ओरडली, "तुळजाबाई! अहो, या परत वर!"

सर्जेरावांनी दत्तोबाला निरोप धाडला. नासिरभाईंकडे मात्र ते स्वतः गेले, हात गळ्यात अडकवूनच. सगळं सांगितलं. नासिरभाईंनी एक डोळा बारीक केला.

"तेलाचा वास मला आठवडाभर येतोय. मी समजलो, तुम्ही चोरून भजी खाताय."

"मग बोलला का न्हाय?"

"कोलेस्टेरॉल तुमचं. मी काय बोलायचं?" त्यांनी स्पर्धेचा अर्ज पुढे ओढला. "नाव श्यामसुंदरांचं देतो."

"द्या," सर्जेराव म्हणाले. रात्री ते नीट जेवले नाहीत. सूनबाईंना वाटलं, कोपर दुखतोय.

अठ्ठावीस तारखेला जायचं नाही असं ठरवून ते हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी पोहोचले आणि मागच्या भिंतीशी बसले. खेळ सुरू झाला. श्यामसुंदरांची सोपी सोंगटी हुकली. "सॉरी," ते म्हणाले. नासिरभाई हसून म्हणाले, "हरकत नाही हो. होतं असं."

सर्जेराव ताठ बसले. बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी नासिरभाईंच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पुढचा कट हुकला. "हरकत नाही." मग राणीच हुकली. "काही हरकत नाही." नासिरभाईंचा चेहरा तांबडा होत चालला होता आणि त्यांचाही नेम चुकायला लागला. पहिला गेम गेला.

मधल्या वेळात ते तरातरा भिंतीपाशी आले.

"सर्जेराव, मी मरेन. ह्या माणसाला चार शब्द सुनवायची सोयच नाही. आपण तोंड उघडायच्या आत तो सॉरी म्हणतो. पुढे काय बोलणार? सगळं आत साचलंय."

"मग मी काय करू? माझा हात—"

"हात कोण मागतंय? खुर्ची उचला, माझ्या शेजारी येऊन बसा. चुकतील ते, ऐकून घ्याल तुम्ही."

पंचांनी नियमांचं पुस्तक उलटसुलट चाळलं. प्रेक्षकाने बोलायचं नाही असं त्यात होतं. प्रेक्षकाने बोलणी खायची नाहीत, असं कुठेच नव्हतं. दुसऱ्या गेममध्ये श्यामसुंदरांचा पहिलाच फटका फुकट गेला, तशी नासिरभाईंनी मान गर्रकन सर्जेरावांकडे वळवली.

"डोळे घरी ठेवून आलात का? पॉकेट कुठे, मारताय कुठे! तुमच्यापेक्षा भिंतीसमोर बसून खेळलो असतो तर आज पुण्याचा चॅम्पियन असतो मी!"

"चुकलं," सर्जेराव खाली मान घालून म्हणाले.

"चुकलं म्हणे! बावीस वर्षं चुकतंय!" नासिरभाईंनी मोठा श्वास सोडला, आपली पाळी येताच स्ट्रायकर ठेवला आणि लागोपाठ तीन सोंगट्या खटाखट आत घातल्या.

श्यामसुंदर हळूच वाकले. "माझं काही चुकलं का?"

"तुमचं? छे हो! तुम्ही फार छान खेळताय," नासिरभाई म्हणाले आणि डोळा बारीक करून पुन्हा सर्जेरावांकडे वळले. "तुम्ही काय ढिम्म बसलाय? जरा जवळ सरका. मला ओरडून बोलायला लागतंय."

सर्जेरावांनी डाव्या हाताने खुर्ची पुढे ओढली.