न निघणारं कपाट

मुकादमानं टेपचं टोक कपाटाच्या एका कडेला धरलं, हमालाला दुसऱ्या कडेला उभं केलं, मग तोच टेप दाराच्या चौकटीला लावून पाहिला आणि डोक्यावरची टोपी मागं सरकवली.

"ताई, हे यायचं नाही," तो म्हणाला. "आडवं नाही, उभं नाही, तिरकं तर नाहीच नाही. मुळात हे आत आलं कसं?"

"आत आलंच नाही," चिंगी म्हणाली. "इथंच जन्मलंय."

चिंगी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. चाळिशी हाकेच्या अंतरावर आली होती आणि रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत सगळे तिला मॅडम म्हणत. पण या जिन्याच्या वर पाऊल टाकलं की ती चिंगीच. सोमवारपासून ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नव्यानं वसलेल्या उपनगरातल्या रुग्णालयात प्रयोगशाळेची प्रमुख होणार होती. रोज जाऊन-येऊन करण्यासारखं ते अंतर नव्हतं, म्हणून तिनं तिथं घर भाड्यानं घेतलं होतं. तळमजल्याचं, मागं थोडं अंगण असलेलं. किल्ली पर्समध्ये होती, ट्रक खाली उभा होता. घोडं अडलं होतं ते फक्त बाबांपाशी.

बाबांनी येणार नाही असं एकदाही म्हटलं नव्हतं. ते इतकंच म्हणाले होते, "कपाट आलं की मी आलो." आणि कपाट निघत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

बाबा सुतार. गल्लीत सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. लग्न झाल्याच्या वर्षी त्यांनी जिन्यावरून एकेक फळी वर आणली आणि याच खोलीत, खिडकीजवळ बसून, संध्याकाळच्या उजेडात हे कपाट केलं. सागवानी, दोन दारांचं, माथ्यावर नक्षीची पट्टी. उजवं दार थोडं उचलून लावावं लागे. खालच्या कप्प्यात चिंगी लहानपणी लपून बसायची आणि आई मुद्दाम साऱ्या घरभर तिला शोधायची. त्या कप्प्यात लाकडाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा मिळून एक वास असे. चिंगी पुढं कितीतरी घरांत गेली, पण आपलं घर म्हटलं की तिच्या नाकात पहिला तोच वास यायचा.

ती सहा-सात वर्षांची असताना एकदा असाच ट्रक खाली येऊन उभा राहिला होता. शहराबाहेर फर्निचरचा मोठा कारखाना निघाला होता आणि बाबांना तिथं फोरमनची जागा देऊ केली होती, राहायला घरासकट. घरामागं मोकळी जमीन होती. आईनं त्या जमिनीसाठी महिनाभर आधीपासून डब्यांमध्ये रोपं लावली होती. चिंगीनं मैत्रिणींचा निरोप घेतला होता, आपली बाहुली स्वतःच्या हातानं खोक्यात घातली होती. मग तेव्हाच्या मुकादमानं टेप लावला, काखा वर केल्या, आणि बाबा म्हणाले, "कपाट टाकून कसं जायचं?" ट्रक रिकामा परत गेला. आईनं तोंडातून ब्र काढला नाही. तिनं भांडी पुन्हा फळीवर लावली आणि रोपांचे डबे गॅलरीत ओळीनं मांडले. तिथं ती रोपं डब्यांतच वाढली, डब्यांतच वाळली, तिनं त्यांच्या जागी नवी लावली, ती अजून गॅलरीत होती.

पुढं त्या प्रसंगाची घरात थट्टाच झाली. नकोशा लग्नाला जायचं नसलं की बाबा म्हणत, "कळवून टाक, आमचं कपाट निघत नाही." चिंगीला सकाळी अंथरुणातून उठवत नसे तेव्हा तीही तेच म्हणे. सगळे हसत. आईसुद्धा हसे, पण तेवढ्यात तिला स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवायचं.

"काय मिस्त्री, निघालं का तुमचं कपाट?"

खालचे शिंपीकाका जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन टेकले होते. गळ्यात मापाची पट्टी तशीच. ते आणि बाबा सारख्या वयाचे. एकाची मशीन खाली खडखडायची, दुसऱ्याची लाकडी मोगरी वर ठकठकायची, आणि दोघं एकमेकांना आवाज कमी करा म्हणून ओरडण्यात सुखानं म्हातारे झाले होते.

"निघतंय कसलं," बाबा म्हणाले. ट्रंकेवर बसून ते बोटांनी गुडघ्यावर ताल धरत होते.

"एक उपाय आहे," मुकादम म्हणाला. "मधून करवत घालतो. दोन भाग करून नेऊ, तिकडे पुन्हा जोडा. तुम्ही तर जाणकार माणूस."

बाबांच्या बोटांचा ताल थांबला. ते उठले, कपाटाजवळ गेले आणि दारावर तळवा टेकवून उभे राहिले. हसण्यावारी नेण्याजोगं काहीतरी ते शोधत असावेत, पण सापडलं नाही.

"करवत नको," ते म्हणाले. "चिंगे, तू जा बाळ. आम्ही दोघं राहतो इथं. काय होतंय आम्हाला?"

काय होतंय ते चिंगीला माहीत होतं. गेल्या वर्षी बाबा जिन्यात चक्कर येऊन पडले होते आणि आईच्यानं त्यांना उचलवलं नव्हतं. शिंपीकाका दुकानात होते म्हणून निभावलं. त्या दोघांना इथं ठेवून ती जाणार नव्हती, आणि हे बाबांनाही पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच तिला त्यांचा राग आला. मग त्यांच्या पाठीचा बाक दिसला आणि तो रागही धड राहिला नाही.

ती गॅलरीत गेली. रोपांच्या डब्यांपाशी उभी राहून तिनं फोनवर रुग्णालयाचा नंबर काढला. काय सांगायचं ते मनात जुळवू लागली: घरची अडचण आहे, दुसऱ्या कुणाला जागा द्या. खाली ट्रकचा चालक बॉनेटवर बसून चहा पीत होता. त्या ट्रककडे बघताना तिला एकदम खोक्यातली आपली बाहुली आठवली. ती पुन्हा बाहेर काढली त्या दिवशी आपण का रडलो, हे तिला तेव्हा कुणाला सांगता आलं नव्हतं.

"भाऊ, ती करवत ठेवा खाली."

आईचा आवाज होता. चिंगीनं वळून पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, खांद्याला पिशवी, प्रवासाची साडी नेसलेली.

"ती वरची नक्षीची पट्टी आहे ना," आई मुकादमाला म्हणाली, "तिला उजवीकडून ढकला. सरकते ती."

मुकादमानं स्टूल घेतलं. पट्टी पहिल्यांदा हटून बसली, मग कुरकुरली आणि सरळ बाजूला आली. तिच्यामागं लाकडाच्या पाचरी ओळीनं बसवलेल्या होत्या. मुकादमानं एकीला बोट लावलं.

"अरेच्चा! खिळा नाही, सरस नाही. हे तर सगळं सुटं होतंय की!"

शिंपीकाका हसायला लागले आणि बाबांकडे नजर जाताच गप्प झाले. बाबा कपाटाकडे बघत नव्हते. आईकडे बघत होते.

"तुला कधी कळलं?"

"तेव्हाच," आई म्हणाली. "ट्रक परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. वरची धूळ पुसत होते."

"आणि बोलली नाहीस."

"काय बोलू? निघत नाही म्हणून तो माणूस म्हणाला तेव्हा तुमचा चेहरा बघितला होता मी. जीव भांड्यात पडला होता तुमचा. त्याच्यावर मी काय बोलणार?"

बाबा पुन्हा ट्रंकेवर बसले. त्यांचं बोलणं जवळ उभ्या असलेल्यांनाच ऐकू जाईल इतकं बारीक झालं.

"तिथं सगळी यंत्रं होती गं. मी बघून आलो होतो. फळी इकडून घातली की तिकडून दार तयार. मला त्यातलं काय येत होतं? फोरमन म्हणून उभा राहिलो असतो आणि हाताखालची पोरं हसली असती. धडकी भरली मला."

"ते मला सांगायचं होतं."

"तुला राग आला असेल."

"आला होता. पुष्कळ दिवस होता. मग इथंच कुठंतरी ठेवला गेला, कपड्यांच्या घड्यांखाली." आईनं डोक्यावरचा पदर नीट केला. "माझ्या वेळी गप्प बसले, ते माझं मी निभावलं. हिच्या वेळी नाही बसायची."

चिंगीनं फोन पर्समध्ये टाकला. आपण आईला ओळखतो असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं, त्याची तिला लाज वाटली.

बाबा उठले.

"मोगरी कुठल्या खोक्यात गेली?" त्यांनी विचारलं.

"खोक्यात नाही," आई म्हणाली, आणि खांद्यावरच्या पिशवीतून तिनं मोगरी काढून त्यांच्या हातात दिली.

एकेक पाचर ठकठक करत सुटत गेली. इतक्या वर्षांत उजेड न पाहिलेलं आतलं लाकूड कालच रंधा मारल्यासारखं पिवळसर होतं. दारं उतरली, फळ्या उतरल्या, हमालांनी त्या काखोटीला मारून एका दमात खाली नेल्या. कपाटाच्या मागं भिंतीवर हिरव्या रंगाचा एक मोठा चौकोन राहिला. ही खोली एके काळी हिरवी होती हे चिंगी पार विसरून गेली होती. तिनं त्या चौकोनाला हात लावला. मग तिला रडू आलं, आणि तिनं ते आवरलं नाही.

शिंपीकाका खालपर्यंत आले. बाबा ट्रकमध्ये चढत असताना काका म्हणाले, "आता माझ्या डोक्यावर ठकठक कोण करणार हो?"

"शांत झोपा आता दुपारचे," बाबा म्हणाले.

"झोप कसली येतेय," शिंपीकाका म्हणाले, आणि गळ्यातली पट्टी काढून उगाचच तिची गुंडाळी करू लागले.

नवीन घराचा रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना सारखी घरं, सारखी फाटकं. कुणाच्या घरातून कसलाच आवाज येत नव्हता. खोली इतकी ऐसपैस की पहिल्या दिवशी तिघंही सवयीनं भिंतीला धरून चालत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बाह्या सरसावल्या आणि फळ्या मांडल्या. चिंगीनं लहानपणी धरायची तशी पलीकडची बाजू धरली. खाचेत फळी बसली, फळीवर फळी चढली, आणि दुपारपर्यंत कपाट पुन्हा उभं राहिलं. मोठ्या भिंतीपुढं ते आता बेताचंच वाटत होतं. बाबांनी पाचरी ठोकल्या. चिंगी हत्यारांच्या पेटीतून सरसाचा डबा घेऊन आली.

"लावायचा ना, बाबा? आता पक्कं करून टाका. आता कुठं जायचंय?"

बाबांनी डबा घेतला, झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"नको. उद्या तुला आणखी कुठं बोलावलं तर?"

मागच्या दारातून आईची हाक आली. अंगणात तिनं जमीन उकरली होती, गॅलरीतले डबे रिकामे होऊन एकीकडे पडले होते, आणि तिचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते.

"अहो, या वेलाला आधाराला एखादी काठी द्या हो काहीतरी!"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग कपाटाला टेकवून ठेवलेली नक्षीची पट्टी उचलली आणि दाराकडे निघाले.

"बाबा, ती कपाटाची आहे. पाचरी झाकायच्या राहिल्यात," चिंगी म्हणाली. "आणि ती सागवानी आहे!"

"मग टिकेल की," बाबा म्हणाले, आणि पट्टी घेऊन अंगणात उतरले.