इथेच राहील, म्हणाल्या होत्या

मी रेकॉर्डर बोलतोय. काडेपेटीहून थोडा मोठा, राखाडी, डोक्यावर एक तांबडा दिवा. आजवर दुसऱ्यांचंच ऐकून घेतलं. आज मन मोकळं करावंसं वाटतंय.

खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा मी एका समुपदेशन केंद्रात होतो. कोणी दारू सोडू पाहणारं, कोणी घरातलं माणूस गेल्यावर झोप हरवलेलं, असे लोक तिथे यायचे. नवे समुपदेशक त्यांची परवानगी घेऊन मला टेबलावर ठेवायचे आणि आठवड्यातून एकदा मला घेऊन आपल्या पर्यवेक्षकांकडे जायचे. तिथे ते बोलणं पुन्हा ऐकायचं, कुठे जमलं, कुठे हुकलं ते समजून घ्यायचं. काम मला आवडलं होतं. आपल्यामुळे कोणीतरी शिकतंय, याचा मला थोडा तोराही होता.

पर्यवेक्षक झाल्या त्या ताई. केंद्रातल्या सगळ्यात हुशार समुपदेशक. समोरचा रडायला लागला की कसं गप्प बसावं, ते त्यांच्याकडून शिकावं. एका सोमवारी संचालक म्हणाले, "उद्यापासून नव्या लोकांना तुम्ही बघा." झालं! ज्याला समुपदेशन येतं त्याला ते शिकवताही येतं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. ताईंनीसुद्धा.

त्यांच्या हाताखाली जी मुलगी आली ती सगळ्यांत लहान, म्हणून तिला धाकटी म्हणत. मला लावलं की ताई दर दोन वाक्यांनी थांबवायच्या. "इथे घाई केलीस. मी असते तर असं विचारलं असतं." धाकटी मान खाली घालून लिहून घ्यायची. तिला काय वाटलं होतं, ते कोणी विचारलंच नाही.

एका दुपारी मात्र तिला वाचा फुटली. तिच्याकडे एक स्कूलबसचे ड्रायव्हर यायचे, दारू सोडून पाच महिने झालेले. त्यांचा आवाज ऐकला की तिला काही सुचेनासं व्हायचं. ताईंनी खुर्ची जवळ ओढली आणि समुपदेशनातला आपला तो मऊ आवाज काढला. मग धाकटीने सगळं सांगितलं. वडील पितात, त्यांचाही आवाज असाच आहे, लहानपणी ती कपाटामागे लपायची.

"ताई, हे इथेच राहील ना?"

"अगं, इथेच. कुठे जाणार?"

माझा दिवा तेव्हा चालूच होता. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलंही. मला वाटलं, बंद करायला विसरल्या असतील.

दोन आठवड्यांनी संचालकांनी ताईंना बोलावलं. "ती मुलगी मध्येच गप्प होते, अशी तक्रार आहे. तुम्ही शिकवता तरी काय तिला?" ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी पर्समधून मला काढलं आणि बटण दाबलं. "ऐका, म्हणजे कळेल. माझ्या शिकवण्यात काही कमी नाही."

आणि माझ्या तोंडून धाकटीचे वडील बाहेर पडले. ते कपाट, ते लपणं, सगळं. मला गिळता आलं असतं तर गिळून टाकलं असतं.

तिला ते कळलं व्हरांड्यात. संचालकांनी तिचा उमेदवारीचा काळ आणखी सहा महिने वाढवला आणि वर मायेने विचारलं, "वडिलांचं कसं आहे आता?" धाकटीने ताईंकडे पाहिलं. ताई हातातल्या फाइलीत डोकं घालून उभ्या होत्या.

त्या दिवसापासून धाकटी शहाणी झाली. वेळेवर यायची, हसायची, आणि मला पुढे पळवून नेमके छान तुकडे ऐकवायची. ताई खूश. "बघ, किती सुधारलीस!" मला मात्र तिचाही राग यायचा. माझं निम्मं पोट ती झाकून ठेवत होती.

एकदा ड्रायव्हर म्हणाले, "बसच्या किल्ल्या देऊन टाकल्या. कपाट आवरलं. आता कोणाला माझा त्रास नाही." धाकटी गप्प झाली आणि मग दुसराच प्रश्न विचारून बसली. दुसऱ्या दिवशी ताईंसमोर तिचा अंगठा नेमका त्या वाक्यापाशी थबकला. मी मनात म्हटलं, लाव, एवढं तरी लाव. अंगठा पुढे सरकला.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरांनी गोळ्या घेतल्या. त्यांची बहीण सहज म्हणून डोकावली, म्हणून वाचले.

ताईंनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं आणि धाकटीला बोलावलं.

"हे मला का नाही ऐकवलंस?"

"ऐकवलं असतं तर उद्या कोणाच्या टेबलावर वाजलं असतं?"

"अगं, माणसाच्या जिवाचा प्रश्न होता!"

"माहीत आहे. चूक माझीच आहे, नाकारत नाही मी. जन्मभर ते वाक्य कानात राहील माझ्या. पण अडलं की विचारायला मला ही एकच खोली होती, ताई. ती तुम्ही माझी ठेवली नाहीत."

ताईंनी सवयीने तो मऊ आवाज काढायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग साध्या आवाजात म्हणाल्या, "मी स्वतःला वाचवलं." संचालकांकडे जाऊन त्यांनी तेच सांगितलं. मग दोघी हॉस्पिटलमध्ये ड्रायव्हरांना भेटून आल्या.

त्यानंतर ताई शिकू लागल्या. दुसऱ्या केंद्रातल्या एका अनुभवी पर्यवेक्षकांकडे जाऊन स्वतःचं शिकवणं ऐकवायच्या. बटण त्या स्वतःच दाबायच्या. आता नवं कोणी आलं की पहिल्याच दिवशी सांगतात, "तुझ्या कामाबद्दल मला वर कळवावं लागतं. ते लिहीन आणि आधी तुला दाखवीन. कोणाच्या जिवाला धोका दिसला तर ते इथे थांबणार नाही. तुझ्या घरातलं कामात आडवं आलं तर तेवढंच बोलू. ते बोलताना हा रेकॉर्डर बंद असेल." मग मला लावतात, थांबवतात आणि विचारतात, "इथे तुला काय वाटलं होतं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबतात.

हे सगळं छान आहे. पण धाकटी केंद्रात राहिली नाही. शेवटच्या दिवशी ताई म्हणाल्या, "मी तेव्हा शिकत होते गं."

"हो ताई. चांगलं शिकलात. पण माझ्यावर शिकलात."

पिशवी खांद्याला लावून ती गेली.

तिचं बोलणं माझ्यातून कधीच पुसलंय. माझं झाकण सैल झालंय, चिकटपट्टीने धरून ठेवलंय. उद्या त्यांना नवं यंत्र मिळेल आणि मी खणात जाईन. त्याचं दुःख नाही. एकच मागणं आहे. मला सुरू करण्याआधी समोरच्याला सांगा, हे कोण कोण ऐकणार आहे. आणि सांगितलंत की त्या शब्दाला जागा. बटण दाबलं की मला बोलावंच लागतं, नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.