निरोप आणि पोच

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही आणि फडताळावरही ठेवता येत नाही. मी जावा या संगणकभाषेत लिहिलेले एक मॉड्यूल, म्हणजे अॅपमध्ये बसवायचा एक सुटा भाग आहे. वय चौदा वर्षे. आमच्यात चौदा वर्षे म्हणजे पिकले पान समजतात. एका मोठ्या इस्पितळाच्या संगणक विभागात माझा जन्म झाला. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावर कोणी बटण दाबले की तो निरोप दूरच्या सर्व्हरपर्यंत न्यायचा आणि 'मिळाला' अशी पोच परत आणायची, एवढेच माझे काम. माझा अर्धा भाग त्या पानात राहतो, अर्धा सर्व्हरवर. मला घडवणाऱ्या बाईंविषयी बोलल्याशिवाय माझी गोष्ट सांगताच येणार नाही.

बाई त्या विभागात प्रोग्रॅमर होत्या. उंच, कमी बोलणाऱ्या, आणि एखादी गोष्ट पटली नाही की चष्मा काढून पुसत बसणाऱ्या. त्यांची थोरली बहीण त्याच इस्पितळात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका होती. दोघी बहिणी दुपारचा डबा एकत्र खात. एके दिवशी थोरलीने डबा उघडलाच नाही.

"छोटे, तुझ्या त्या पानावरून मी रक्ताच्या दोन पिशव्या मागवल्या. चार आल्या," ती म्हणाली. "रक्तपेढीवाले म्हणतात, मागणी दोनदा आली. मी बटण एकदाच दाबलं होतं. शेजारच्या वॉर्डातल्या बाळंतिणीला त्याच गटाचं रक्त हवं होतं. तिला थांबावं लागलं."

"ती बरी आहे ना?"

"आहे. पण तिच्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही."

बाईंनी डबा झाकला आणि त्या जागेवर जाऊन बसल्या. तीन दिवस त्यांनी शोध घेतला. मागणी पहिल्यांदा व्यवस्थित पोचली होती. पण पोच परत येताना जोडणी तुटली. पानाला वाटले, निरोप गेलाच नाही. म्हणून त्याने तोच निरोप पुन्हा पाठवला. सर्व्हरला ती नवी मागणी वाटली. खोटे कोणीच बोलत नव्हते, तरी चूक झाली होती.

बाईंनी प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक दिला. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी मागणी धरायची नाही, फक्त जुनीच पोच पुन्हा द्यायची. उपाय वाचायला सोपा वाटतो, पण सुचायला माणूस लागतो. वॉर्डातली तक्रार थांबली आणि बाईंच्या जिवात जीव आला.

पण मित्रांनो, खरी अडचण पुढेच होती. बाईंचे हे काम, दुरुस्तीच्या आधीचे, दुसरीकडेही पोचले होते. रुग्णवाहिकांचे अॅप करणाऱ्या काकांनी वर्षापूर्वी ते उचलून आपल्या कामात चिकटवले होते. काका निवृत्तीला आलेले, हसतमुख गृहस्थ. त्यात गैर असे काही नव्हते. सगळेच तसे करत. पण बाईंनी दुरुस्ती केली ती आपल्या प्रतीत. काकांची प्रत होती तशीच राहिली.

आठ महिन्यांनी भर दुपारी एकाच घरासमोर दोन रुग्णवाहिका येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही चालक एकमेकांकडे बघत राहिले. त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला छातीत कळ आलेले एक आजोबा बावीस मिनिटे गाडीची वाट पाहत होते. ते वाचले. पण बावीस मिनिटे त्यांच्या मुलीने कशी काढली असतील, ते तिचे तिलाच ठाऊक.

बाईंनी नोंदी पाहिल्या आणि चष्मा काढला. "काका, ही चूक मी आठ महिन्यांपूर्वीच दुरुस्त केली आहे," त्या हळूच म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. "मग मला कळलं कसं नाही?"

"कारण मी सांगितलं नाही. कोणाकोणाकडे प्रती आहेत, हे मला तरी कुठे माहीत होतं?"

त्याच दिवशी बाई विभागाच्या साहेबांकडे गेल्या आणि सगळ्यांसाठी एकच मॉड्यूल बांधायला तीन आठवडे मागितले. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आता दोन्हीकडे दुरुस्त झालंय ना? मग चालू आहे ते चालू द्या की."

"साहेब, औषधांचं अॅप येतंय, एक्स-रेचं येतंय. तेही हेच उचलून नेणार. पुढची चूक मी पाच ठिकाणी शोधत फिरू, की एका ठिकाणी दुरुस्त करू?"

साहेबांनी दहा दिवस दिले. त्या दहा दिवसांत मी जन्मलो.

बाईंनी आधी मला स्वच्छ केले. माझ्यात जागोजागी 'पिशवी', 'रक्तगट', 'वॉर्ड' असे शब्द होते. ते सगळे त्यांनी काढले. उरले फक्त निरोप, क्रमांक आणि पोच. मग पानातला अर्धा आणि सर्व्हरचा अर्धा त्यांनी एकाच जार फाइलीत, जावाच्या गाठोड्यात, बांधले, म्हणजे एक नवा आणि दुसरा जुना अशी जोडी कधी जमणार नाही. वर आवृत्तीचा आकडा घातला, १.०. आत एक्केचाळीस चाचण्या लिहिल्या. तोच निरोप दोनदा आला तर? पोच हरवली तर? सर्व्हर मध्येच बंद पडला तर? प्रत्येक प्रश्नाला एक चाचणी.

मोठ्या ऐटीत मी काकांच्या संगणकावर गेलो आणि तिथे तोंडघशी पडलो. काका बाईंच्या दारात आले. "बाई, अर्धंच आलंय."

खरेच तसे होते. पानातला माझा भाग प्रत्येक अॅप आपल्या पानांबरोबर नव्याने घडवते, म्हणून त्या भागाचा मूळ मजकूर फाइलीत लागतो. तो घालायचा राहिला होता. बाईंच्या संगणकावर तो आधीपासूनच होता, म्हणून तिथे चूक दिसली नाही. दुसरे कोणी असते तर राहिलेला भाग धाडून मोकळे झाले असते. बाईंनी एक जुना, कोरा संगणक मागून घेतला. त्यावर माझे काहीही ठेवले नाही. तेव्हापासून माझी प्रत्येक आवृत्ती आधी त्या कोऱ्या संगणकावर चालायची आणि मगच बाहेर जायची.

मला कसे वापरायचे, याची बाईंनी एक पानाची टीप लिहिली. ती काकांच्या हातात दिली आणि स्वतः त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसल्या.

"मी काही बोलणार नाही. तुम्ही वाचा आणि करा."

"अडलो तर?"

"अडलात तर चूक माझ्या टिपेची."

काका चार ठिकाणी अडले. बाईंनी चार खुणा केल्या आणि ती टीप पुन्हा लिहिली. दुसऱ्या खेपेला काका कुठेही न थांबता शेवटापर्यंत गेले आणि म्हणाले, "अहो, हे तर माझ्या बायकोलाही जमेल. म्हणजे तिलाच जमेल, मला दोन खेपा लागल्या."

मग माझे कामाचे दिवस आले. औषधे, एक्स-रे, बाहेरच्या रुग्णांची रांग, सगळीकडे मी गेलो. एकदा रस्ता खणणाऱ्यांनी भर सकाळी तार तोडली. चाळीस मिनिटे सर्व्हरशी कोणाचाच संपर्क नव्हता. पानापानांत मी निरोप धरून बसलो. तार जोडली तेव्हा त्रेसष्ट निरोप पोचले, प्रत्येक एकदाच. थोरल्या बहिणीने फोन केला. "छोटे, दोन पिशव्या मागितल्या होत्या. दोनच आल्या." बाई फक्त "बरं" म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी सगळ्या विभागाला चहा पाजला.

पुढे काका निवृत्त झाले, नंतर बाईही. मी चालत राहिलो, म्हणून माझ्याकडे कोणी पाहीनासे झाले. एका घाईतल्या प्रोग्रॅमरने मला उघडले, वेग वाढवायचा म्हणून क्रमांक तपासण्याचा भाग काढला आणि आकडा न बदलताच मला औषधांच्या अॅपमध्ये ठेवले. आता एकाच नावाचे, एकाच आकड्याचे आम्ही दोघे झालो. काही दिवसांत औषधे दुप्पट येऊ लागली. लोक नाक मुरडू लागले. "ते जुनं मॉड्यूल बेभरवशाचं आहे, काढून टाका." मित्रांनो, मला फार वाईट वाटले.

मला काढण्याचे काम एका नव्या प्रोग्रॅमरकडे आले. पन्नाशीच्या, शांत बाई. काढण्याआधी त्यांनी दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या. आकडा एकच, पण आकार वेगळा. त्यांनी मला घडवणाऱ्या बाईंचा फोन नंबर मिळवला.

"या दोघांतलं खरं कोणतं, बाई?"

"नावावर जाऊ नका," पलीकडून आवाज आला. "आत एक्केचाळीस चाचण्या आहेत. त्या चालवा."

माझ्या सगळ्या चाचण्या पार पडल्या. दुसऱ्याच्या तीन अडल्या, तिन्ही दुहेरी निरोपाच्या. नव्या बाई बराच वेळ त्या ओळी वाचत बसल्या. मग फोनवर म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर काय काय होईल, ते तुम्ही आधीच लिहून ठेवलंय."

"छे हो. जे झालं होतं, तेवढंच लिहिलं."

नव्या बाईंनी औषधांच्या अॅपमध्ये मला परत बसवले. मग जावाच्या नव्या आवृत्तीवर चालेल अशी माझी २.० आवृत्ती बांधली. तिच्यात बाईंच्या एक्केचाळीस चाचण्या आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या नऊ. वेगही हवा तेवढा आला, क्रमांक न काढता. काय बदलले आणि का, ते त्यांनी ओळीओळीने लिहून ठेवले.

उद्या दुपारी शेवटच्या अॅपमधून मी निघेन. मला त्याचे दुःख नाही. मित्रांनो, तुम्हीही मोठेपणी दुसऱ्याने बांधलेले काही वापराल. ते आधी उघडून वाचा. खुशाल बदला, पण बदल लिहा आणि आकडाही बदला. आपण निघून गेल्यावर ज्याला ते उघडावे लागेल, तो माणूस आपल्याला कधीच भेटणार नाही; त्याच्यासाठी दोन ओळी जास्त लिहा.

उद्या माझ्या जागी ती नवी आवृत्ती बसेल. वॉर्डात कोणीतरी बटण दाबेल, पोच येईल, आणि काही बदलले आहे हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. आमच्या कामात याहून मोठी शाबासकी नसते.