फितींवरच्या घड्या

मार्सली मॅकफेलने सवयीने इस्त्री तापत ठेवली आणि मग तिच्या लक्षात आलं, की आज टोपी घालणारा कुणी नाही.

तिचा मुलगा रुअरी पुढच्या खोलीत शवपेटीत होता. मंगळवारी शेवंडांचे पिंजरे पाण्यात सोडताना दोराचा वेढा त्याच्या पायात पडला आणि दोरामागे तोही गेला. पुढे समुद्राने त्याला परत दिलं, तेवढी मेहेरबानी केली. आज दुपारी त्याला टेकडीवरच्या दफनभूमीत न्यायचं होतं, आणि गावच्या बॅगपाइप बँडातल्या माणसाच्या पेटीवर त्याची टोपी ठेवायची ही पोर्टकारन गावची रीत. तेव्हा इस्त्री करायचीच, असं तिने ठरवलं. सगळं गाव बघणार होतं, आणि मॅकफेलांच्या घरातली टोपी आजवर कधी चुरगळलेली बाहेर पडली नव्हती.

टोपी निळी, गोल. वर लाल गोंडा, डाव्या कानावर काळ्या फितीचं फूल आणि त्यात बँडचा बिल्ला. मागे दोन काळ्या फिती. इतर गावांत या फितींचं कुणाला काही पडलेलं नसतं, कुणी बांधतो, कुणी मोकळ्या सोडतो. पोर्टकारनच्या बँडात तसलं काही चालत नाही. एकट्या पोराच्या फिती मानेवर मोकळ्या लोंबणार. लग्नाचा शब्द दिला-घेतला, की ती मुलगी त्यांची सुरगाठ बांधणार. आणि लग्नाच्या सकाळी सासू स्वतः सुईत दोरा ओवून सुनेच्या हातात देते, सून त्या गाठीवर दोन टाके घालते, आणि ती गाठ मग जन्मभर सुटत नाही. चर्चमध्ये पाद्री काय म्हणायचं ते म्हणो, पोर्टकारनच्या बायकांच्या लेखी लग्न त्या टाक्यांनी लागतं. मार्सलीने घातलेले टाके तिच्या नवऱ्याबरोबर, कॅलमबरोबर, मातीत गेले त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

तिने रुअरीची टोपी टेबलावर पालथी घातली. फितींवर आजही त्या घड्या होत्या. टोपीच्या काठाजवळ, दोन्ही फितींवर, तिरक्या आणि ठसठशीत. गेलं वर्षभर ती या घड्यांवर वैतागत आली होती. गावातल्या हॉलचं छप्पर गळायला लागल्यापासून बँडचा सराव खाडीपलीकडे क्रेगमोरला व्हायचा. रुअरी शुक्रवारी फेरीबोटीने जायचा, फेरीबोटीनेच परत यायचा, आणि शनिवारी सकाळी बघावं तर फिती अशा. टोपी काय खिशात कोंबतोस का, बाप कशी ठेवायचा ते विसरलास का, म्हणून ती त्याला फैलावर घ्यायची. तो ओटकेकवर लोणी थापत म्हणायचा, “चुकलं आई, पुढच्या वेळी नाही.” पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग ती ओलं फडकं टाकायची आणि फिती काचेसारख्या सपाट करून ठेवायची. त्यात तिला सुखही वाटायचं, खोटं कशाला बोला. पोराचं एवढं तरी काम आपल्याकडे उरलंय असं तिला वाटायचं.

आज एक फीत सपाट झाली होती आणि दुसरीवर फडकं टाकायचं होतं, तेवढ्यात दार वाजलं. टॉर्मॉड होता, बँडचा म्होरक्या, पावसात भिजलेला. त्याच्या टोपीच्या गाठीवरचे टाके बायकोने घातले त्याला एक जमाना लोटला होता. त्याच्या मागे एक मुलगी उभी होती. मार्सलीने तिला ओळखलं, पण कुठली ते कळायला क्षणभर लागलं. फेरीबोटीवर तिकिटं फाडायची ती. एफी.

“हिला तुझ्याशी बोलायचंय, मार्सली,” टॉर्मॉड म्हणाला. “मी बाहेर थांबतो.”

“बाहेर कशाला पावसात? ये आत. भेटायलाच आलात ना? तो पुढच्या खोलीत आहे.”

मुलगी पुढच्या खोलीकडे वळली नाही. ती टेबलावरच्या टोपीकडे बघत होती. डोळे सुजलेले, पण आवाज तिने धरून ठेवला होता.

“मावशी, फिती मोकळ्या ठेवू नका.”

मार्सलीने इस्त्री उभी केली. “माझ्या पोराच्या टोपीचं मला तू शिकवणार?”

“शिकवत नाही. मागतेय.”

मग तिने सांगितलं, आणि फार शब्द लावले नाहीत. गेल्या शरदात दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता. दर शुक्रवारी क्रेगमोरच्या हॉलबाहेर ती त्याच्या फिती बांधायची आणि सराव संपेपर्यंत तो तशीच टोपी घालून वाजवायचा. परतताना फेरीवर तिचं काम असायचं. पोर्टकारनचे दिवे दिसायला लागले, की तो कठड्याशी उभा राहून गाठ सोडायचा, फिती बोटांनी ओढून सरळ करायचा आणि टोपी नीट करून उतरायचा. उन्हाळ्यात खेळांचा मेळा भरतो, तो झाला की आईला सांगतो म्हणाला होता.

मार्सली टॉर्मॉडकडे वळली. “तुला ठाऊक होतं?”

टॉर्मॉड म्हणाला, “बँडात सगळ्यांनाच ठाऊक होतं.”

पोर्टकारन असं गाव आहे, की कुणाच्या कोंबडीने अंडं दिलं तरी चहाच्या वेळेपर्यंत सगळ्यांना कळतं. आणि तिच्या पोटच्या पोराचं वर्षभर गावाच्या ओठांवर असलेलं तेवढं तिलाच कळलं नव्हतं. तिला आधी राग आला, मग लाज वाटली. मला का नाही सांगितलं कुणी, असं तिने विचारलं, तेव्हा टॉर्मॉडने जड आवाजात तिला तिचेच शब्द ऐकवले.

रुअरी बँडात आला त्या वर्षीची गोष्ट. याच स्वयंपाकघरात माणसं जमली होती, व्हिस्की फिरत होती, आणि टॉर्मॉडच्या बायकोने रुअरीला छेडलं, की आता गाठ बांधायला कुणी तरी शोध बाबा. त्यावर मार्सली म्हणाली होती, “मी जिवंत आहे तोवर त्या फितींना दुसरीने हात लावायचा नाही.” सगळे खो-खो हसले. रुअरीही हसला होता. ती निम्मी थट्टा होती, पण निम्मी नव्हती, आणि ते तिला तेव्हाही माहीत होतं.

“म्हणजे मला घाबरायचा तो,” मार्सली म्हणाली.

“नाही हो,” एफी म्हणाली. “म्हणायचा, मी बोललो की आई त्याच क्षणापासून एकटी होईल. अजून एक उन्हाळा तिला देऊ.”

मार्सली खुर्चीत बसली. समोर टोपी होती. एक फीत सपाट, चकचकीत. दुसरीवर ती तिरकी घडी अजून तशीच. मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी या मुलीने बांधलेली गाठ तिथे होती, शेवटची. आणि शनिवारी तिला पाठदुखीमुळे इस्त्री करायला जमलं नव्हतं, म्हणूनच ती घडी आज उरली होती. बाकीच्या सगळ्या तिने आपल्या हाताने पुसून टाकल्या होत्या. शनिवारमागून शनिवार पोराचं सुख टेबलावर पसरून ती त्यावर इस्त्री फिरवत होती, वर त्यालाच बोलत होती, आणि तो चुकलं म्हणत ओटकेक खात होता. तिच्या छातीतून असा आवाज निघाला, की टॉर्मॉड खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मग तिने टोपी उचलून मुलीपुढे धरली. “बांध.”

एफीने फिती हातात घेतल्या. गाठ पडली ती लहान पोराच्या बुटाची पडते तशी, दोन्ही कान वर उभे.

“अशी नाही, पोरी. सोड. डावी फीत उजवीवर घे. टोपीच्या काठाला लागून ओढ, खाली नको. आता कान लहान कर, आडवे पडू देत. टोकं दोन्ही सारखी, कॉलरपाशी संपली पाहिजेत. त्याच्या बापाची अशी असायची. ओढ अजून.”

“इतकी घट्ट नको, मावशी. टोपी आवळून त्याचं कपाळ दुखायचं. मी आतून दोन बोटं घालून मग ओढायचे.”

मार्सलीला हे माहीत नव्हतं. पंचवीस वर्षांचं पोर, आणि टोपीने त्याचं कपाळ दुखतं हे तिला आज परक्या मुलीकडून कळत होतं. “मग दोन बोटं घाल,” ती म्हणाली.

गाठ या वेळी चांगली पडली, चपटी आणि नेटकी. टॉर्मॉडने टोपी न्यायला हात पुढे केला. मार्सलीने नाही म्हणून मान हलवली आणि खिडकीतली शिवणाची डबी उतरवली. काळा दोरा निघाला, पण सुईचं भोक काही केल्या दिसेना. एफी मदतीला पुढे झाली, तिला तिने थांबवलं. हे काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं. दोरा ओवला गेला, तेव्हा तिने सुई मुलीसमोर धरली.

“घे. दोन टाके घाल.”

एफीने हात मागे घेतला. “मावशी, आमचं लग्न झालेलं नाही.”

“सुई सासूने द्यायची असते,” मार्सली म्हणाली. “मी देतेय.”

टॉर्मॉडने डोक्यावरची टोपी काढली. मुलीने पहिला टाका घातला, तो वाकडा आला, कारण तिला डोळ्यांतल्या पाण्यापुढे काही दिसत नव्हतं. दुसरा सरळ आला. मार्सलीने वाकून दोरा दातांनी तोडला, तिच्या सासूने तोडला होता तसाच. मग तिने इस्त्री बंद केली, आणि त्या दोघी टोपी घेऊन पुढच्या खोलीत गेल्या.