शाबूत कान

बेबीचं वय बेचाळीस, पण तिघा भावंडांतलं शेंडेफळ म्हणून ती घरात अजून बेबीच होती. बसस्थानकावर माईकवरून गाड्यांची घोषणा करायचं काम ती करायची. अख्खं स्थानक तिचं ऐकायचं. घरी मात्र तिचं ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. बहिरेपण त्यांच्याकडे वारशाने आलं होतं. वडलांना, म्हणजे अण्णांना, पस्तिशीत ऐकू येईनासं झालं, मग दादाला, मग ताईला. आता पाळी आपली, हे बेबीने धरूनच ठेवलं होतं. लग्नाचा विषय तिने केव्हाच बाजूला सारला होता. दादा-ताईबरोबर ती खुणांच्या भाषेच्या वर्गालाही जायची. दादा म्हणायचा, "पाण्यात पडायच्या आधी पोहायला शिकलेलं बरं."

शेवटी ताईच्या हट्टापायी तिघांनी रक्त तपासायला दिलं. अहवाल घ्यायला बेबी एकटीच गेली.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. "एक जनुक आहे. त्यापासून जे प्रथिन बनतं, ते स्वतः डीएनएला हात लावत नाही. दुसरी जनुकं चालू-बंद करणारी जी प्रथिनं असतात, त्यांना ते जाऊन चिकटतं. मगच कानाच्या आतलं काम सुरळीत चालतं. तुमच्या घरात त्या जनुकाची एक प्रत बिघडलेली आहे. वडलांकडून ती दादांना आणि ताईंना आली."

"आणि माझं कधी सुरू होणार?"

"होणारच नाही. तुमच्याकडे चांगली प्रत आली आहे."

बेबीने अहवाल उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "नीट बघितलंत ना बाई? नमुन्यांची अदलाबदल तर नाही झाली?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "असं लोक वाईट बातमी ऐकून विचारतात हो."

दादा विधुर झाल्यापासून ताईकडेच राहायचा. रविवारी तिकडे जाऊन बेबीने दोघांना हातवारे करून बातमी सांगितली. दादाने तिच्या पाठीत असा धपाटा घातला की तिला ठसकाच लागला. ताईने तिला घट्ट मिठी मारली. पण नंतर स्वयंपाकघरात, स्वतःचा आवाज किती मोठा लागतोय हे न कळून, ती जवळजवळ ओरडलीच, "मला वाटलं होतं, तूही आमच्यातच येशील. म्हातारपणी तिघं एकत्र राहू." लगेच तिने जीभ चावली. "मेलं माझं तोंड! मनावर घेऊ नकोस."

बेबीने मान हलवली. मनावर घेतलं मात्र होतं.

मग दादाच म्हणाला, "तुला आता वर्ग कशाला? सुट्टीच्या दिवशी जरा आराम कर." तिचं जाणं सुटलं. त्या दोघांचं मात्र वर्गातल्या मंडळींशी गूळपीठ जमलं, आणि रविवारी ताईचं घर माणसांनी भरायला लागलं. गप्पा इतक्या भराभर चालायच्या की बेबीच्या डोळ्यांना त्या गवसायच्याच नाहीत. दार वाजलं की उघडायचं, फोन आला की घ्यायचा, एवढंच तिच्या वाट्याला उरलं.

एकदा सगळे पोट धरून हसले. बेबीही हसली. मग ताईच्या कोपराला हात लावून तिने विचारलं, "काय झालं?"

ताईने हात झटकला. "काही नाही, सोड."

अण्णांना ऐकू येईनासं झाल्यावर घरातला प्रत्येक जण त्यांना हेच सांगायचा. त्यावर अण्णा पुन्हा कधी विचारत नसत. बेबी उठून आतल्या खोलीत जाऊन बसली. बाहेर हसणं चालू होतं, आणि ते ऐकू येणारी घरात ती एकटीच होती.

पुढच्या आठवड्यात ती वर्गाला पुन्हा गेली. शिकवणाऱ्या बाईंनी दचकून विचारलं, "काय हो, कान गेले की काय?"

"नाही. घरच्यांशी बोलायचंय."

त्या रविवारी तिने स्थानकावरचा एक किस्सा सगळ्यांना हातांनी सांगितला. एक खूण चुकली, आणि कंडक्टरची कोंबडी झाली. हशा पिकला. ताईने तिची बोटं धरून खूण दुरुस्त केली आणि लगेच शेजारच्या बाईकडे वळली. तिकडे दुसरंच काही सुरू झालं होतं. बेबी तिथेच उभी राहून तीच खूण पुन्हा पुन्हा करून बघत राहिली.